सासरेबुवांचं वायर बाइंडिंग

माझ्या तोंडून “त्यात काय मोठंसं!” हे शब्द निघाले, की माझी बायको घरातल्या फुटण्यासारख्या वस्तू उचलून वरच्या फळीवर ठेवायला लागते. हा तिचा चौदा वर्षांचा अनुभव आहे. नळाची चकती बदलणं, कन्येचे केस कापणं, कपाट सरकवणं, ही सगळी कामं याच शब्दांनी सुरू झाली होती. (कपाट अजून जागच्या जागी आहे. सरकला तो माझा मणका.)

त्या गुरुवारी ती फक्त एवढंच म्हणाली होती, “अहो, बाबांच्या पुस्तकाची पानं छापून झालीत. उद्या जाताना कोपऱ्यावरच्या बाइंडरकाकांकडे टाका. बारा प्रती. रविवारी अकराला कार्यक्रम आहे.”

यावर “बरं” म्हणायचं असतं. दोन अक्षरांचा शब्द. जगातले बहुतेक नवरे त्याच्यावर सुखाने आयुष्य काढतात. पण मला कुठली अवदसा आठवली कोण जाणे.

“बाइंडरकडे कशाला?” मी म्हणालो. “आमच्या ऑफिसात वायर बाइंडिंगचं मशीन आलंय. मी घरीच करतो की. त्यात काय मोठंसं!”

बायकोने फुलदाणी उचलली.

इथे सासरेबुवांबद्दल सांगायला हवं. ते वजनमापं खात्यात निरीक्षक होते. चौतीस वर्षं त्यांनी दुकानोदुकानी जाऊन तराजू तपासले, आणि निवृत्त झाल्यावर माणसं तपासायला घेतली. लग्नाआधी ते मला पहिल्यांदा भेटले, तेव्हा त्यांनी मला असं काही न्याहाळलं, की मी खिशात दोनशे ग्रॅम लपवून आणलेत की काय, असं माझं मलाच वाटायला लागलं. ते आयुष्यात कधीही खोटं बोललेले नाहीत. खोटं बोलणं म्हणजे पारड्याखाली बोट लावणं, असं त्यांचं मत. पंच्याहत्तराव्या वाढदिवसाला त्यांनी स्वतःचं आत्मचरित्र लिहून सगळ्यांना भेट द्यायचं ठरवलं. नाव, ‘काटा मध्यावर’. अठ्ठेचाळीस पानं. मित्रांचे डोळे अधू झालेत म्हणून अक्षर चांगलं ठसठशीत आणि ओळी ऐसपैस. सगळं टाइप केलं माझ्या बायकोने, आणि टाइप करता करता तिची झोप उडाली. कारण सासरेबुवांनी ज्याच्या-त्याच्याबद्दल जे वाटतं ते, तसंच्या तसं लिहिलं होतं.

सगळ्यात अवघड होतं ते ‘धाकटा’ नावाचं प्रकरण. सासरेबुवांचे धाकटे भाऊ, म्हणजे आमचे धाकटे काका, यांचं खिळे-स्क्रूंचं दुकान. एकोणीस वर्षांपूर्वी सासरेबुवांनी सख्ख्या भावाच्या दुकानातला काटा तपासला. सोळा ग्रॅमचा फरक निघाला. भाऊ म्हणाला, वरून पंख्याचा वारा लागतोय. निरीक्षक म्हणाले, वारा सोळा ग्रॅमचा नसतो. आणि त्यांनी दुकानाला सील ठोकलं. तेव्हापासून दोघांत एक शब्द नाही. या वाढदिवसाला मात्र सासूबाईंनी नवऱ्याच्या नकळत दिराला बोलावलं होतं, आणि काका चक्क “येतो” म्हणाले होते.

“काका येणार, ते पान वाचणार आणि उठून जाणार,” बायको म्हणाली. “मग या जन्मात काही परत येत नाहीत. मी बाबांना म्हटलं, तेवढं प्रकरण गाळा. तर म्हणतात, काटा दाबायचा नाही.”

“तू बाइंडिंगची काळजी करू नकोस,” मी म्हणालो.

“मी बाइंडिंगची काळजी करतच नव्हते,” ती म्हणाली. “आता करते.”

शुक्रवारी मी मशीन मागायला आमच्या हेडक्लार्कबाईंकडे गेलो. मशीन महिनाभर खोक्यात पडून होतं, कारण ते कसं चालवायचं याची फाइल अजून फिरत होती.

“चालवता येतं का तुम्हाला?” बाईंनी विचारलं.

“त्यात काय मो—”

“सही करा,” बाई घाईघाईने म्हणाल्या, आणि टेबलावरचा आपला कप उचलून त्यांनी ड्रॉवरमध्ये ठेवला. (माझी कीर्ती ऑफिसातही पोचली आहे.)

मशीन चांगलं चौदा किलोचं होतं. ते छातीशी कवटाळून तीन मजले चढताना पहिल्या मजल्यावरच्या आजोबांनी दार उघडलं. त्यांना कमी ऐकू येतं, पण जिन्यातला पाय मात्र बरोबर ऐकू येतो.

“शिलाई मशीन?”

“नाही आजोबा, बाइंडिंगचं!”

“अरे वा, ग्राइंडिंगचं! आमच्या सुऱ्यांना धार लावून द्याल का?”

“धार नाही आजोबा! भोकं! भोकं पाडायची आहेत!”

“कुणाला?”

मी घामाघूम होऊन म्हणालो, “सासऱ्यांना!” म्हणजे मला ‘सासऱ्यांच्या पुस्तकाला’ म्हणायचं होतं, पण दम तेवढाच उरला होता. आजोबांनी दार लावून घेतलं. आतून कडी लावल्याचाही आवाज आला.

मशीनचं तत्त्व अगदी सोपं आहे. पानांच्या डाव्या कडेला चौकोनी भोकांची रांग पाडायची. फणीसारखी वाकवलेली दुहेरी तार त्या भोकांतून ओवायची. मग मशीनच्या दुसऱ्या जबड्यात ती दाबून तिची तोंडं मिटवायची. झालं पुस्तक! एकदा मिटलेली तार पुन्हा उघडत नाही, कापावीच लागते. (सासरेबुवांच्या मताचंही तसंच आहे, फक्त ते कापताही येत नाही.)

शनिवारी मी सराव केला. आणि खरं सांगतो, त्या हँडलची गोडी ज्याला लागली नाही त्याला कळायचं नाही. दण्णकन हँडल खाली आलं, की एका झटक्यात चौतीस भोकं! ऑफिसात वर्षभर राबून माझ्या हातून इतकं ठळक काम कधी झालं नव्हतं. मी आधी विजेची बिलं बांधली. मग फ्रिजचं गॅरंटी कार्ड बांधलं. मग घरातल्या सगळ्यांचे रक्त तपासणीचे रिपोर्ट बांधले, वर कव्हर घातलं आणि त्याला ‘आमचे रक्त’ असं नाव दिलं. बायकोच्या पाककृतींचे सुटे कागदही बांधले. त्यात एक पान सरळ तर दुसरं उलटं लागलं.

“अहो, केक ओव्हनमध्ये ठेवेपर्यंत ठीक आहे,” ती म्हणाली, “पण बाहेर कधी काढायचा हे वाचायला मी डोक्यावर उभी राहू का?”

कन्येचा ‘माझे कुटुंब’ नावाचा शाळेचा प्रकल्पही मी हौसेने बांधून दिला. जेवायच्या वेळी बायकोने टेबलक्लॉथ झटकायला ओढला, तर त्याच्याबरोबर आमचं सगळं कुटुंब आलं. टेबलक्लॉथचा कोपरा पानांच्या खाली होता, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. कन्येने प्रकल्प सोडवण्यासाठी जोर लावला आणि भोकांच्या कडेचा कागद टर्रकन फाटला.

“बाबा, हे तर लगेच फाटतं,” ती रडवेली होऊन म्हणाली.

ते मला लागलं. सासरेबुवा पुस्तक हातात घेतल्यावर ओढून बघणार, हे नक्की. मी मशीनला सगळीकडून न्याहाळलं, तर बाजूला एक गोल बटण दिसलं. भोक कडेपासून किती आत पडावं, हे त्याने ठरतं. मी विचार केला, भोक जितकं आत, तितका कडेला कागद जास्त. आणि कागद जितका जास्त, तितकी बळकटी जास्त. विज्ञान आहे! मी ते बटण फिरेल तितकं फिरवलं. शेवटी ते कर्र असं बोललं. बहुधा त्याला काही सांगायचं होतं.

रविवारी सकाळी सात वाजता मी कामाला लागलो. एका वेळी आठ पानं, एका प्रतीचे सहा दणके, बारा प्रतींचे बहात्तर. पानं उपडी घालत होतो, म्हणजे छापलेली बाजू मळायला नको. (ही माझी स्वच्छतेची आवड मला एक दिवस खड्ड्यात घालणार, असं बायको म्हणायची. तो दिवस हाच.) मागचं कव्हर आधी पुढे ठेवून तार मिटवायची आणि मग ते उलटून मागे न्यायचं, म्हणजे तारेची शिवण झाकली जाते. ही खुबी मला येत होती. हे मुद्दाम सांगतो, कारण या सगळ्या प्रकारात मला येत असलेली ही एकच गोष्ट आहे.

नऊ वाजता बारा प्रती टेबलावर ओळीने उभ्या होत्या. निळी कव्हरं, चकचकीत तार. मी त्यातली एक ओढून बघितली. हूं की चूं नाही! बायको चहा घेऊन आली आणि चक्क हसली.

“छान दिसतायत हो!” तिने एक प्रत उघडली. “अगदी दुकानातल्यासारखी… अहो, ‘झा जन्म’ म्हणजे काय?”

“कुठंय?”

“पहिलीच ओळ. ‘झा जन्म एका लहान खोलीत झाला.’”

“‘माझा’ असेल.”

“असेल काय? होताच. मी टाइप केलाय. ‘मा’ कुठे गेला?”

‘मा’ जिथे असायला हवा होता, तिथे एक सुबक चौकोनी भोक होतं आणि त्यातून तार गेली होती. त्याच्या खालच्या ओळीतही तेच. त्याच्या खालीही. आमच्या दुर्दैवाने दोन ओळींमधलं अंतर आणि दोन भोकांमधलं अंतर अगदी एकच निघालं. वरची तीन आणि खालची तीन भोकं कोऱ्या जागेत गेली होती, पण मधल्या अठ्ठावीस भोकांनी अठ्ठावीस ओळींचं पहिलं अक्षर अचूक टिपलं होतं. एकाचाही नेम चुकला नव्हता.

बायकोने थंड आवाजात हिशेब केला, “अठ्ठावीस गुणिले अठ्ठेचाळीस गुणिले बारा. तुम्ही बाबांची सोळा हजार एकशे अठ्ठावीस अक्षरं खाल्लीत.”

“गेलेली नाहीत,” मी धीर देत म्हणालो. “इथेच आहेत.” मी मशीनच्या पोटातला कप्पा ओढला. आत चौकोनी कपट्यांचा ढीग होता, आणि खरोखरच एकेका कपट्यावर एकेक अक्षर होतं. “जुळवू या! त्यात काय मो—”

तिने माझ्याकडे बघितलं. मी वाक्य गिळलं आणि गुडघ्यांवर बसून कपटे चाळायला लागलो. दहा मिनिटांत मला चार ‘मा’, दोन ‘त्या’ आणि एक ‘ना’ सापडला.

पुन्हा छापावं, तर प्रिंटरची शाई संपलेली. मग एक प्रत घेऊन मी बाइंडरकाकांकडे धावलो. रविवारमुळे दुकान बंद होतं, पण काका दुकानाच्या वरच राहतात. ते दाढीला साबण लावलेल्या अवस्थेत खाली आले. त्यांनी प्रत उलटून-पालटून बघितली, तारेवरून अंगठा फिरवला.

“तार झकास मिटवलीत हो,” ते म्हणाले. (मला भरून आलं.) “पण समास कुठंय?”

“कसला समास?”

“भोकं समासात पाडायची असतात साहेब. तुम्ही मजकुरात पाडलीत.”

“आता काय करायचं?”

“आता? मुंडकी उडाल्यावर टोप्या शिवून काय उपयोग?” ते म्हणाले. मग माझा चेहरा बघून त्यांना दया आली असावी. “घाबरू नका. लोक वाचतातच कुठे? कव्हर बघतात, आपलं नाव कुठे आहे ते बघतात आणि ‘उत्तम’ म्हणतात. तीस वर्षं पुस्तकं बांधतोय. त्यातलं एखादं सबंध वाचलेला माणूस मला अजून भेटायचाय.”

एवढ्या आधारावर आम्ही अकरा वाजता बारा प्रती घेऊन कार्यक्रमाला पोचलो.

कार्यक्रम वाचनालयाच्या वरच्या दालनात होता. वीसेक खुर्च्या, एक टेबल, टेबलावर केक. सासरेबुवा राखाडी कोट घालून ताठ उभे होते. बाजूला सासूबाई. पहिल्या रांगेत सासरेबुवांचे जुने साहेब, वय वर्षं ब्याऐंशी. आणि पार शेवटी, दाराला लागून असलेल्या खुर्चीच्या अगदी कडेवर, केव्हाही उठून जाता येईल अशा बेताने, धाकटे काका. लोकरीचा विटकरी स्वेटर घातलेले, रुंद खांद्यांचे. सासरेबुवांनी त्यांना बघितलं, सासूबाईंकडे बघितलं आणि छताकडे बघितलं.

मी पहिली प्रत त्यांना दिली. त्यांनी ती तळहातावर तोलली.

“दोनशे ऐंशी ग्रॅम,” ते म्हणाले. मग तार ओढून बघितली. “मजबूत आहे. बाइंडर कोण?”

“मी.”

त्यांनी ती पुन्हा एकदा ओढून बघितली. पण उघडली नाही! प्रत टेबलावर ठेवून ते लोकांना म्हणाले, “मला सगळं तोंडपाठ आहे. तुम्ही प्रत्येकाने आपल्यावरचं पान काढा आणि वाचा. दहा मिनिटं देतो. मग ज्याला तक्रार असेल, त्याने हात वर करावा.”

बायकोने घाबरत प्रती वाटल्या. पानांची सळसळ सुरू झाली. मी पुस्तकांच्या कपाटाआड उभा राहून एकेक चेहरा बघत होतो. लोकांच्या कपाळाला आधी आठ्या पडल्या, ओठ पुटपुटले, कुणी बोटाने भोक पुसून बघितलं. मग हळूहळू आठ्या गेल्या. जो-तो हरवलेलं अक्षर आपल्या मनाने भरून पुढे वाचायला लागला.

पहिला हुंदका आला तो सासूबाईंचा.

“अहो,” त्या पदराऐवजी हातातल्या निळ्या कव्हरानेच डोळे पुसत म्हणाल्या, “अठ्ठेचाळीस वर्षांत एकदाही तोंडावर म्हणाला नाहीत!”

“काय म्हणालो नाही?” सासरेबुवांनी विचारलं.

“हे बघा ना! ‘लग्नानंतर आठवड्याभरातच मला कळलं, की माझ्या नशिबी सुगरण आहे!’”

माझ्या शेजारी बायकोने खसकन माझा दंड धरला. “‘सुगरण’ नाही हो,” ती कुजबुजली. “‘जागरण’! आई घोरते ना!” (पुढे घोरण्यावर चांगली सहा वाक्यं होती. पण डोळे भरून आल्यामुळे सासूबाईंना ती दिसली नाहीत.)

“मी असं लिहिलं?” सासरेबुवा म्हणाले.

“मी पण आभारी आहे,” पहिल्या रांगेतून जुन्या साहेबांनी काठी आपटली. “‘आमच्या साहेबांइतका दृढ माणूस मी पाहिला नाही.’ खात्यात होतो तोवर कुणी कदर केली नाही. तू केलीस!”

“‘मूढ’ होतं,” बायको डोळे मिटून म्हणाली.

मधल्या रांगेत कुणीतरी ते भोक न भरता, आहे तसंच वाचलं असावं. कारण ‘मूढ’चा ‘मू’ गेल्यावर जे एक अक्षर उरतं, ते साहेबांना जास्तच बसत होतं. तिथे एकदम खोकल्याची साथ आली.

सासरेबुवा चांगलेच गोंधळले. त्यांनी आंबट तोंडांची तयारी केली होती. सगळ्या शंकांना द्यायची उत्तरं त्यांनी एका कागदावर क्रमवार लिहून आणली होती. आणि समोर सगळी माणसं त्यांच्याकडे बघून प्रेमाने हसत होती! त्यांनी टेबलावरची प्रत उचलली, चष्मा लावला आणि उघडली. मग ते पान वर धरून उजेडासमोर नेलं. भोकांच्या रांगेतून मला त्यांचा एक डोळा दिसला. त्यालाही मी दिसलो.

“जावईबापू!” ते गरजले.

पण त्यांना पुढे बोलताच आलं नाही. कारण शेवटच्या रांगेत धाकटे काका उठून उभे राहिले होते. काकांनी पुस्तक डोळ्यांजवळ धरलं आणि दुकानात मालाची यादी वाचावी तसं, अडखळत, मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

“‘माझ्या धाकट्या भावाबद्दल लोक विचारतात, तेव्हा मी स्पष्ट सांगतो, की तो… लायक आहे. त्याच्याबद्दल मला… विश्वास वाटतो. लहानपणी मला दिलेला शब्द त्याने… पाळला.’”

“‘नालायक’,” बायको माझ्या कानात मोजत होती. “‘अविश्वास’. ‘गिळला’. अहो, मी बेशुद्ध पडले तर धरा.”

“‘त्या दिवशी त्याच्या दुकानातला काटा…’” इथे काका थांबले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “‘…काटा छोटा होता.’”

“‘खोटा’!” बायको.

“छोटाच होता रे दादा!” काका एकदम ओरडले. “छोट्या काट्यावर मोठी पिशवी ठेवली, की फरक पडतोच! एकोणीस वर्षं माझ्या डोक्यात हे आलं नाही. मी आपला पंख्याला दोष देत बसलो. आणि तू हे शोधून काढलंस! शोधून काढलंस आणि वर छापलंस!” बोलता बोलता त्यांचा आवाज फुटला. “दादा, खरं सांग. हे तू लिहिलंस?”

सगळ्यांच्या माना सासरेबुवांकडे वळल्या. मला त्या माणसाची दया आली. ज्याने पंच्याहत्तर वर्षांत एकदाही पारड्याला बोट लावलं नाही, त्याच्यासमोर एकीकडे खरं होतं आणि दुसरीकडे भाऊ. त्यांनी हातातल्या पानाकडे बघितलं. डोळे टिपणाऱ्या सासूबाईंकडे बघितलं. मग दारापाशी उभ्या असलेल्या, केस पांढरे झालेल्या धाकट्याकडे बराच वेळ बघितलं.

“तुझ्या हातात काय आहे?” त्यांनी घसा खाकरून विचारलं.

“पुस्तक.”

“त्यात काय छापलंय?”

“‘लायक आहे.’”

“चष्मा लावून वाचलंस?”

“लावूनच वाचलं.”

“मग मला काय विचारतोस?” सासरेबुवा खेकसले, पण त्यांची हनुवटी थरथरत होती. “पानावर आहे ते आहे!”

आणि काका खुर्च्या बाजूला सारत आले ते थेट भावाच्या गळ्यातच पडले. टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेबांनी काठी आपटून आपटून वाचनालयाची फरशी हलवली. सासूबाई रडत हसत होत्या, बायको हसत रडत होती. मिठी चांगली दोन मिनिटं चालली. मग अडीच मिनिटं. तीन मिनिटं झाल्यावर लोकांना कौतुक वाटेनासं झालं आणि काळजी वाटायला लागली.

“सोड आता,” सासरेबुवांचा दबलेला आवाज आला.

“मी सोडलंय,” काका म्हणाले. “तू सोड.”

दोघांनीही सोडलं होतं. पण दोघांच्याही हातात ‘काटा मध्यावर’ होतं, आणि मी तारेची टोकं नीट दाबली नव्हती. काकांच्या प्रतीचं टोक सासरेबुवांच्या कोटाच्या काजात शिरलं होतं आणि सासरेबुवांच्या प्रतीचं काकांच्या स्वेटरमध्ये. हलावं तसतशी लोकर उसवत होती आणि गुंता वाढत होता. एकोणीस वर्षं तोंड न बघणाऱ्या दोन भावांना मी पक्कं वायर बाइंड केलं होतं.

“पक्कड आणा!” कुणीतरी ओरडलं. काकांच्या खिशात पक्कड होती. (खिळ्यांचा दुकानदार तो, पक्कड घेतल्याशिवाय घराबाहेर पडत नाही.) ती मी काढली आणि दोघांच्या पोटांच्या मधल्या फटीत डोकं घालून तार कापायला लागलो. तेवढ्यात माझ्या कानाशी सासरेबुवांचा आवाज आला, हळू आणि निरीक्षकाचा.

“जावईबापू, भोकं तुम्ही पाडलीत?”

“हो.”

“मुद्दाम?”

वाचकहो, माणसाच्या आयुष्यात असा क्षण एकदाच येतो. मला कुटुंबाचा तारणहार होता आलं असतं. मी आवाजात शक्य तितका भारदस्तपणा आणून म्हणालो, “म्हणजे… हो. विचार करूनच…”

“खोटं बोलू नका,” ते म्हणाले. “मुद्दाम करायला गेला असतात, तर इतकं नीट जमलं नसतं. पक्कड सरळ धरा.”

पण तार सुटली तेव्हा त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, तोललाही नाही, नुसता ठेवला. केक कापला गेला. पहिला तुकडा काकांनी भावाला भरवला, तो किती ग्रॅमचा आहे हे न विचारता सासरेबुवांनी खाल्ला. निघताना काका दुकानात येण्याचं आमंत्रण देऊन गेले, आणि सासरेबुवा म्हणाले, “येईन. नवा काटा घेतलास ना? बघायला येईन.” यावर काकाच इतके मोठ्याने हसले, की बाकीच्यांचीही हसायची हिंमत झाली.

दुपारी घरी आल्यावर मी पाय पसरून खुर्चीत बसलो आणि एक विचार मनात डोकावला. सगळ्यांनी आपापली पानं वाचली होती. मीच राहिलो होतो. उरलेली प्रत घेतली. पान एक्केचाळीस, प्रकरणाचं नाव ‘जावई’. भावाला लायक केलं, साहेबांना दृढ केलं, सासूबाईंना सुगरण केलं. माझ्या भोकांनी माझ्यासाठीही काहीतरी केलंच असेल!

ओळ अशी होती, “न्येने निवडलेला माझा जावई धांदरट आहे, हे पहिल्याच भेटीत…” आणि खालच्या ओळीच्या सुरुवातीला, “ला कळलं.”

‘कन्येने’मधला ‘क’ गेला होता. ‘मला’मधला ‘म’ गेला होता. ‘धांदरट’ मात्र ओळीच्या बरोबर मधोमध, सहीसलामत, एका कान्यालाही धक्का न लागता बसला होता. माझं एकही भोक माझ्या मदतीला आलं नव्हतं.

“अगं,” मी दुखावल्या स्वरात बायकोला हाक मारली, “हे टाइप करताना तू वाचलंस ना?”

“वाचलं की.”

“मग नवऱ्याला वाईट वाटेल, असं एकदाही तुझ्या मनात आलं नाही?”

“आलं ना!” ती म्हणाली. “म्हणून तर बाबांचा शब्द काढून मी तिथे ‘धांदरट’ घातलं.”

“बाबांचा कुठला शब्द होता?”

तिने माझ्याकडे बघितलं, क्षणभर विचार केला आणि मऊ आवाजात म्हणाली, “जाऊ दे. आजचा दिवस इतका छान गेलाय.”